खुर्च्या उचला!

खुर्ची या वस्तूवर माझा राग नाही. कचेरीत ती हवी, न्हाव्याच्या दुकानात तर हवीच हवी. पण देवळाच्या अंगणात, दशावताराच्या रात्री, सर्वांच्या पुढे मांडलेल्या खुर्चीशी माझे भांडण आहे; आणि मी स्वतःच तशा खुर्चीत बसून आलेला गुन्हेगार असल्यामुळे साक्षीपुराव्याची अडचण नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र मुंबईहून सिंधुदुर्गातल्या एका जत्रेला गेलो. पालखी फिरून आली, रात्र चढली, आणि ‘मुंबैचे पाव्हणे’ म्हणून कोणीतरी पुढे दोन रांगा खुर्च्या आणून मांडल्या. संकोचाचे दोन शब्द बोलून आम्ही ऐसपैस बसलो. मागे सारा गाव चटयांवर.

आता दशावताराला उंच रंगमंच लागतोच असे नाही. तिथे तर नट आमच्यासारखाच जमिनीवर उभा. सामान म्हणावे तर एक लाकडी बाक. तेच राजाचे सिंहासन, तोच राणीचा पलंग. अशा खेळापुढे खुर्च्यांची रांग म्हणजे भिंतच! हे मला कळले ते संकासुरामुळे. वेद चोरणारा हा काळाकुट्ट दैत्य पूर्वरंगात येतो आणि लोकांची मालवणीत थट्टा करतो. आमच्या डोक्यांवरून मागे पाहत त्याने विचारले, “आजये, मी दिसतंय काय गो?” अंधारातून उत्तर आले, “माका खय! माका नुसत्यो पाठी दिसतत!” अंगण हसले. आम्हीही हसलो, उठलो मात्र नाही.

कोणी म्हणेल, पाहुण्याला मान देणे ही कोकणची रीत, तिला नावे का ठेवता? पाहुण्याला पाट द्यावा हे कबूल. पण घरच्या आजीच्या खालचा ओढून?

बरे, प्रश्न नुसत्या दिसण्याचाही नाही. या नाटकाला परंपरेने लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. समोरून दाद आली तर प्रसंग फुलतो, न आली तर आवरता घेतो. म्हणजे पुढे बसणारा माणूस नुसता बघ्या नव्हे, नाटकाचा अर्धा लेखक! आणि त्या जागी बसलो कोण? अर्धी मालवणी कळणारे, मोबाईल उंच धरून चित्रे घेणारे आम्ही. बाराला एकाने जांभई दिली, साडेबाराला चौघेही उठलो. स्त्रीवेषातला नट नवऱ्यासाठी टाहो फोडीत होता, आणि आमच्या खुर्च्या फरशीवर करकरत होत्या. पहाटेपर्यंतचा खेळ त्या बिचाऱ्याने रिकाम्या खुर्च्यांना ऐकवायचा की काय? पुन्हा मुंबईला परतल्यावर ‘लोककला मरत चालली हो’ म्हणून चहाच्या कपावर हळहळलो, तेही आम्हीच.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या जरूर असाव्यात; पण कडेला, भिंतीलगत. आणि त्यांवर पहिला हक्क त्या आजीचा.

ही दिवाळी सरली की जत्रांना आरंभ होईल. ‘यंदाही पुढच्या खुर्च्या मिळतील ना?’ अशी आमच्यातल्या एकाची आतापासूनच विचारणा आहे. घोंगडी घेऊन ये, असे मी त्याला कळवले आहे.