दप्तराविना दहा दिवस

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक लहानशी तरतूद आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तर घरी ठेवावे आणि सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ बसून काम पाहावे, करावे. पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि भाषामाध्यम यांवरील गदारोळात या दहा दिवसांची चर्चा फारशी झाली नाही. आमच्या मते मात्र या धोरणाची खरी कसोटी इथेच लागणार आहे. कल्पना आणि व्यवहार यांची आमच्या शाळांनी घातलेली फारकत मिटवण्याची ही संधी आहे. आणि अशा संधी यापूर्वीही येऊन वाया गेल्या आहेत.

१९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. हस्तव्यवसाय हा शिक्षणाला जोडलेला एक विषय नसून शिक्षणाचे माध्यमच असावा, असा तिचा आशय होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याच विचाराला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे भारदस्त नाव दिले. पुढे काय झाले, हे त्या काळात शाळेत गेलेल्या कोणत्याही वाचकाला ठाऊक आहे. आठवड्याचे एक-दोन तास, कागदाची फुले, बाजारातून आणून आपली म्हणून दाखवलेली वस्तू, आणि शेवटी सर्वांना सढळ हाताने वाटलेली श्रेणी! हाताला काम मिळाले नाही आणि बुद्धीला खाद्यही मिळाले नाही. विचार थोर होता. पण तो वर्गात उतरवण्यासाठी लागणारा शिक्षक, वेळ आणि साहित्य यांचा हिशेब कोणी मांडला नव्हता. व्यवहाराशी फारकत घेतलेल्या कल्पनेची गत अशीच व्हायची.

मात्र याचा अर्थ केवळ व्यवहार शिकवावा असा कोणी काढील, तर तीही तितकीच मोठी चूक ठरेल. आजकाल कौशल्याचा घोष कानी पडतो, त्यात मुलाला लवकरात लवकर एखाद्या यंत्रापुढे उभे करण्याची घाई अधिक दिसते. ज्याला पान्हा कसा फिरवायचा एवढेच शिकवले आणि तो का फिरतो हा प्रश्न विचारू दिला नाही, त्या मुलाच्या हातातले कौशल्य यंत्र बदलताच निरुपयोगी होते. शिवाय आमच्या समाजात लेखणी आणि हत्यार यांची वाटणी जातीच्या उतरंडीने केलेली आहे, ही कटू गोष्ट झाकून चालणार नाही. कष्टकऱ्याच्या मुलाला केवळ हातकाम आणि सुखवस्तू घरातल्या मुलाला केवळ पुस्तक, अशी विभागणी नव्या नावाने पुन्हा होऊ लागली, तर त्या दहा दिवसांपेक्षा दप्तर बरे, असे म्हणावे लागेल.

मग समतोल म्हणजे काय? तो पाहण्यासाठी आम्हा गोमंतकीयांना दूर जायला नको. मांडवी-जुवारीच्या काठची खाजने पाहावीत. १५१० मध्ये पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून येथील गावकऱ्यांनी खाडीच्या भरती-ओहोटीतून शेतजमीन सोडवून घेतली. खारे पाणी ज्या चिखलात दिवसातून दोनदा चढते, तिथे भात डोलेल, हे पहिल्यांदा ज्याच्या मनात आले तो निःसंशय प्रतिभावंत होता. पण केवळ प्रतिभेने भात पिकत नाही. त्यासाठी चिखल-मातीचे बांध घातले गेले, त्यांत मानशी बसवल्या गेल्या. मानशीची रचना तर पाहण्यासारखी आहे. भरतीचे पाणी बाहेरून दाबते आणि लाकडी दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले साचलेले पाणी तेच दार ढकलून बाहेर पडते. पावसाने जमिनीतला खार धुतला की खारे सोसणारा कोरगूट पेरायचा, आणि त्याच पाण्यात मासळीही धरायची. आणि बांधाला भगदाड पडले तर धावून कोणी जायचे, खर्च कोणी सोसायचा, याचे नियम गावकारीने घालून दिले होते. कल्पना, यंत्ररचना आणि समाजव्यवस्था ही तिन्ही एकत्र आली, तेव्हा कुठे खाजन उभे राहिले. आज अनेक ठिकाणी बांध फुटले आहेत आणि शेतात खारे पाणी शिरले आहे. याला कारणे अनेक आहेत. पण ही विद्या पुढच्या पिढीला शिकवण्याचे आम्ही सोडून दिले, हेही त्यांपैकी एक आहे. दाब, तरफ, क्षार, चंद्राची कला आणि पाण्याची पातळी हे सारे धडे आठवीचा विद्यार्थी फळ्यावर शिकतो; शाळेपासून हाकेच्या अंतरावर असलेली मानस मात्र त्याने पाहिलेली नसते.

हीच गोष्ट विद्वत्तेच्या क्षेत्रातही दिसते. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिताचे अध्यापक. प्राचीन नाणी हातोहात फिरताना झिजत गेली असतील आणि त्या झिजेवरून त्यांचा कालक्रम लावता येईल, ही त्यांची कल्पना. पण ती सुचली म्हणून ते लेख लिहून मोकळे झाले नाहीत. त्यांनी तराजू घेतला, जुनी नाणी तोलली आणि आपला तर्क खरा की खोटा हे पडताळण्यासाठी चालू व्यवहारातली नाणीही तोलली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातच मिथक आणि वास्तव हे दोन शब्द शेजारी बसले आहेत, आणि गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवरील प्रकरण त्याच ग्रंथात आहे. त्यांच्या नावे राजधानीत विचार महोत्सव भरवताना आम्ही त्यांच्या विचारांचे स्मरण करतो. त्यांचा तराजू मात्र शाळेत आणायला विसरतो.

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात ही भर कशाला, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणूनच सरकारने हे दहा दिवस परिपत्रकाने उरकू नयेत. कोणते काम, कोणत्या ऋतूत आणि कोणाकडे पाहायचे, हे त्या त्या शाळेतील शिक्षकाला ठरवू द्यावे. खाजनाचा बांध पाहायचा तर भरती-ओहोटीची वेळ साधावी लागते. ती खात्याच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही. डिचोलीच्या कुंभाराने किंवा गावच्या मेस्ताने दिवस मोडून मुलांना शिकवले, तर त्याला मानाने मानधन द्यावे. त्याच्या गळ्यात नुसता हार घालून भागवू नये. या दिवसांना गुण नसावेत. विद्यार्थ्याने तिथे पडलेला एक प्रश्न वहीत लिहून आणावा आणि शिक्षकाने पुढच्या आठवड्यात त्या प्रश्नापासूनच आपला धडा सुरू करावा. असे झाले नाही, तर ती सहल होईल, शिक्षण होणार नाही.

पालकांचीही समजूत पटावी लागेल. दहा दिवसांनी गुण कमी होतील अशी त्यांची भीती असते. त्यांना आम्ही एवढेच विचारू इच्छितो, की चवथीला आपल्या घरी माटोळी कशी बांधली जाते? कोणते फळ कोणत्या रानात सापडते, कोणते किती दिवस टिकते, नारळाचा आणि शिपट्याचा भार चौकटीला कुठे पेलेल, हे जाणणारा माणूस आजही अनेक घरांत आहे. त्याच्या हाताला सौंदर्यदृष्टी आहे आणि वजनाचे भानही आहे. ती माटोळी रानाच्या ज्ञानाविना रिकामी राहील आणि मांडणीच्या कल्पनेविना नुसती फळांची रास होईल. आपल्या मुलांना हे ज्ञान निरुपयोगी आहे असे सांगण्याचे धाडस कोणता पालक करील?

कार्यानुभवाची कागदी फुले आम्ही एकदा पाहिली आहेत. आता दहा दिवस हाती आले आहेत. त्यांची नोंद हजेरीपटात राहते की मुलांच्या वहीत, हे शिक्षण खात्याने आणि शाळांनी ठरवायचे आहे. त्यांनी ते येत्या पावसाळ्यापूर्वी ठरवावे. कारण बांध पाऊस येण्याआधी बांधायचा असतो, हे आपल्या पूर्वजांना कोणत्याही परिपत्रकाविना कळत होते.