पाखरांखालचे पाणी

गळ टाकून बसले की मासा आपणहून येतो, ही माझी समजूत मुठेच्या कालव्याकाठची. ती गेल्या मार्गशीर्षात मालवणच्या समुद्रात बुडाली.

सासुरवाडीच्या ओळखीने एका तांडेलकाकांनी होडीत घेतले. किनारा पुसट झाला तरी काका गळाला हात लावीनात. नजर आपली पाण्याच्या रंगावर. हिरवट पाणी निळ्याला भिडते त्या शिवेवर बारीक मासळी जमते, तिच्यामागे सुरमई येते. वाहता ओंडका दिसला तरी थांबायचे. त्याच्या सावलीला लहान मासे असतात, मोठा खालून टपलेला. हल्ली हैदराबादचे सागरी माहिती केंद्र उपग्रहाने टिपलेल्या तापमानावरून व पाण्यातील हरितद्रव्यावरून मासळीचा अंदाज कळवते. पण काका म्हणाले, "तो गाव सांगता. घर आपणच शोधूक व्हया."

एवढ्यात दूर पाखरांचा थवा पाण्यात सूर मारताना दिसला. खाली कुपा असणार! तो तारलीला वर रेटतो, पाखरे वरून टिपतात.

"काका, घाला होडी मधोमध!" मी ओरडलो.

"कडेकडेन जावया," ते पुटपुटले. पण पाहुण्याचा हट्ट मोडवेना. यंत्राची घरघर थव्याखाली शिरली मात्र, पाणी एकदम गप्प! पाखरेही पांगली. पुढे दोन तास गळ ओलाच.

काका चकार शब्द बोलले नाहीत. परतताना बाजारातून एक सुरमई घेतली. घरी सौ.ने तिचे कल्ले उघडून पाहिले आणि एवढेच विचारले, "काय भावाने दिली?"