दुपारचं वाचन : आधी डबे, मग राक्षस

मैत्रिणींनो, घनदाट जंगल, काळोखी रात्र आणि झाडीतून येणारा कुणी केसाळ राक्षस, अशा कादंबऱ्या आपण सहसा मुलांसाठी नि नवरेमंडळींसाठी सोडून देतो. पण आमच्या वाचनमंडळात गेले दोन महिने अशाच एका कादंबरीवरून वाद रंगला आहे. निम्म्या जणींना ती अतिशय आवडली, निम्म्या जणींनी नाक मुरडलं. गंमत म्हणजे, परदेशातल्या वाचकांतही नेमके असेच दोन तट पडलेले दिसतात. म्हणून म्हटलं, या वेळी हा वादच तुमच्यापुढे ठेवावा.

पुस्तक इंग्रजी आहे. नाव ‘डिव्होल्यूशन’, म्हणजे उत्क्रांतीची उलटी वाट. लेखक मॅक्स ब्रूक्स. २०२० च्या जूनमध्ये ते अमेरिकेत प्रसिद्ध झालं. याच लेखकाच्या २००६ सालच्या ‘वर्ल्ड वॉर झी’वर २०१३ साली चित्रपट निघाला, तो काहीजणींनी पाहिला असेल.

कथा घडते अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात. तिथे माउंट रेनियर नावाचा ४,३९२ मीटर उंचीचा, बर्फानं झाकलेला जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्या आसपासच्या रानात ‘ग्रीनलूप’ नावाची एक श्रीमंती वसाहत आहे. मोजकीच घरं, सगळी यंत्रांवर चालणारी, सूर्यावर वीज करणारी. किराणा शहरातून ड्रोननं यायचा, म्हणजे पिंप-डबे भरून ठेवायची गरजच नाही. केट नावाची तरुणी नवऱ्याबरोबर तिथे राहायला येते, आणि तिच्या रोजनिशीतून आपल्याला सगळं कळत जातं. एके दिवशी रेनियरचा उद्रेक होतो. चिखलाच्या लोंढ्यानं रस्ता तुटतो, फोन बंद पडतो. वसाहत जगापासून तुटते. आणि मग उद्रेकानं पोटापाण्याला मुकलेली, रानातून हुसकली गेलेली एक टोळी घरांच्या दिशेनं यायला लागते. ही टोळी सॅस्क्वॉचांची, म्हणजे ज्याला तिकडे ‘बिगफूट’ही म्हणतात त्या दंतकथेतल्या वनमानवांची. शेवट सांगत नाही, वाचायची असेल तर गोडी जाईल.

आता वाचकांचं म्हणणं.

पहिला प्रश्न बहुतेक सगळ्यांनाच पडतो : हे खरं घडलं की काय? कारण लेखकानं मधूनमधून मुलाखती घातल्या आहेत, शास्त्रज्ञांचे दाखले दिले आहेत, सगळं खऱ्या चौकशीच्या अहवालासारखं मांडलं आहे. तर बायांनो, हे खरं नाही. रेनियरचा असा उद्रेक आपल्या हयातीत झालेला नाही आणि सॅस्क्वॉचचं एक हाडही आजवर कुणाला सापडलेलं नाही. पण कल्पनेच्या खाली खऱ्याचा पाया मात्र भक्कम आहे. ज्वालामुखीची धग लागून बर्फ वितळतं, त्यात राख-दगड मिसळतात आणि ओल्या सिमेंटसारखा लोंढा दऱ्यांतून धावत सुटतो. १९८५ साली कोलंबिया देशातलं आर्मेरो गाव अशाच लोंढ्याखाली गाडलं गेलं आणि वीस हजारांहून जास्त माणसं गेली. रेनियरच्या पायथ्याशी ऑर्टिंग नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांतली मुलं भोंगा वाजला की उंचावर चालत जायची कवायत करतात.

दंतकथेचंही तसंच. ‘सॅस्क्वॉच’ हा शब्द तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आला. बर्न्स नावाच्या एका शाळामास्तरांनी १९२० च्या दशकात तो इंग्रजीत रुळवला. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर झुनुक्वा नावाच्या एका रानबाईच्या गोष्टी सांगतात. ती पाठीवर टोपली घेऊन हिंडते आणि रानात भटकणारी पोरं टोपलीत घालून नेते. आपला बागुलबुवाच की! १९२४ साली सेंट हेलेन्स पर्वताजवळ खाणकामगारांनी सांगितलं, की रात्री केसाळ राक्षसांनी आमच्या झोपडीवर दगडांचा मारा केला. ‘बिगफूट’ हे नाव मात्र अलीकडचं, १९५८ सालचं. कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कामावर अजस्र पावलं उमटलेली दिसली आणि वर्तमानपत्रांनी ते नाव उचललं. २००२ साली त्या कामाचे कंत्राटदार वारले, तेव्हा घरच्यांनी सांगून टाकलं, की ती पावलं त्यांनीच लाकडी साचे वापरून उमटवली होती!

दुसरी तक्रार रोजनिशीची. जिवावर बेतलेलं असताना रात्री बसून पानंच्या पानं, तीही संवादांसकट, कोण लिहील? आपल्याला दूधवाल्याचा हिशेब लिहायला फुरसत सापडत नाही! ही तक्रार मला पटते. शेवटी शेवटी तर लेखणी केटच्या हातून सुटून लेखकाच्याच हातात गेल्यासारखी वाटते. वसाहतीतली इतर माणसंही थोडी रंगवून, चिडवून काढली आहेत. एकेकाचं खाण्यापिण्याचं खूळ, एकेकाची मोठमोठी वाक्यं वाचून मधेच पुस्तक मिटावंसं वाटतं.

पण सगळ्यांत मोठा वाद आहे तो तिसऱ्या तक्रारीवरून. पुष्कळ वाचक म्हणतात, “राक्षस येईपर्यंत किती तो वेळ! तोवर नुसतं घरातलंच चाललंय. काय शिल्लक आहे, किती दिवस पुरेल, कुठे काय पेरायचं.” आमच्याकडेही कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी ही पानं भराभर उलटली. मी मात्र तिथेच अडकले, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव त्याच पानांत आहे.

वसाहतीत मोस्तार नावाची एक वयस्क बाई आहे. काचेच्या वस्तू करणारी कलावंत, जराशी विक्षिप्त. बॉस्नियातल्या युद्धातून ती जगून वाचून आलेली आहे. मोस्तार हे नावही तिथल्याच एका शहराचं. रस्ता तुटला तेव्हा बाकीचे सारे म्हणतात, “सरकार येईल, हेलिकॉप्टर येईल, चार दिवसांचा तर प्रश्न.” ही एकटी म्हातारी म्हणते, आधी घरात खायला काय आहे ते मोजा. केट तिचं ऐकते. कपाटं उघडते, खाण्याची एकूण एक वस्तू लिहून काढते, माणशी रोज किती ते ठरवते. गाडी ठेवायच्या जागेत माती भरून भाजीचा वाफा करते. पुढे बागेतले बांबू तोडून त्यांना स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बांधल्या जातात आणि भाले तयार होतात. सांगायचं काय, तर या साहसकथेतलं पहिलं साहस स्वयंपाकघरात होतं.

आमच्यातली एकजण २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या पुरात वरच्या मजल्यावर अडकली होती. ती म्हणाली, “मला त्या राक्षसांचं काही वाटलं नाही. पण ती बाई डबे मोजायला बसते ना, ते वाचताना पोटात गोळा आला. सगळ्यांना पुरवायचं आणि कुणाला कळूही द्यायचं नाही की संपत आलंय, हे मी केलंय.” त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. कंटाळवाणी म्हणून जी पानं उलटली जातात, ती कुणाच्या तरी आयुष्यातली सगळ्यांत लांब रात्र असते.

नवऱ्याचाही विषय निघालाच! केटचा नवरा डॅन धंद्यात बुडालेला, कोचावर लोळणारा, दोघांत संवादच उरलेला नाही. मोस्तार त्याला काम नेमून देते. हे दुरुस्त कर, ते पुसून घे. आणि गडी हळूहळू उभा राहतो. संसारातल्या बायकांना हा भाग सगळ्यांत जास्त आवडला, यात नवल नाही. “नवऱ्याला सल्ला देण्यापेक्षा काम द्यावं” असं एका काकूंनी सारही काढलं.

आणखी एक गोष्ट मला पुस्तक संपल्यावर सुचली. सॅस्क्वॉचांच्या टोळीची म्होरकीही एक थोराड मादी आहे. म्हणजे एका बाजूला मोस्तार, दुसऱ्या बाजूला ती. दोघींनाही आपापल्या गोतावळ्याची तोंडं दिसताहेत आणि हिवाळा समोर आहे. ती टोळी दुष्ट म्हणून आलेली नाही, भुकेनं आली आहे. हे लक्षात आल्यावर भीती कमी होत नाही, पण तिच्यात थोडी कणव मिसळते. नुसत्या रक्तपातासाठी वाचणाऱ्यांना ही कणव अडचणीची वाटते, काहींना तीच शेवटपर्यंत पुरते. दोन तट पडले ते इथे.

आता आपल्यापुरतं बोलू. हल्ली दहा मिनिटांत किराणा दारात येतो, त्यामुळे आपलेही डबे अर्धे झाले आहेत. सासूबाईंनी कडधान्यांचे डबे भरून ठेवले, की “कशाला इतकं साठवायचं?” म्हणून आपण कुरकुरतो. वॉशिंग्टन राज्याचं आपत्ती खातं आपल्या नागरिकांना दोन आठवडे पुरेल इतकं अन्न, पाणी, औषधं घरात ठेवायला सांगतं. माणशी रोज सुमारे चार लिटर पाणी असा तिकडचा हिशेब आहे. आपल्याला इतकं पाणी साठवायला जागा कुठली! पण पावसाळ्यापूर्वी एवढं तर जमेल :

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, मीठ, काड्यापेटी किती दिवसांचं आहे ते पेन्सिलीनं लिहा, आणि महिन्यातून एकदा खोडून नव्यानं लिहा. जुनं आधी वापरा, नवं मागे ठेवा. मूग-मटकी, शेंगदाणे, गूळ, पोहे आणि चुरमुरे जवळ असू द्या. पोहे नि चुरमुऱ्यांना चूल लागत नाही, आणि मूग तर नुसत्या ओल्या फडक्यात मोड काढून देतात. रोजच्या औषधांची एक जादा पट्टी, विजेरी आणि तिचे सेल एकाच डब्यात ठेवा. मेथी नि धणे एखाद्या कुंडीत पेरून पाहा. आणि हा कागद घरातल्या सगळ्यांना वाचता यायला हवा. किती उरलंय हे एकट्या बाईच्याच डोक्यात राहिलं, तर काळजीही तिच्या एकटीचीच राहते.

पुस्तक वाचायला घेतलंत, तर सुरुवातीची पानं उलटू नका. राक्षस उशिरा येतो, येऊ द्या. तोवर केटबरोबर डबे मोजा. आणि घरात कुणी मोस्तार असेल, तर पुस्तक संपल्यावर तिच्याजवळ बसून एवढंच विचारा, “तुमच्या वेळी कसं भागवलंत?” ती गोष्ट या कादंबरीहून लांब निघेल, आणि तिच्यातलं सगळं खरं असेल.