वाण दहा वर्षांचा, संशोधक तीन वर्षांचा

कर्जत-3 हे नाव रायगड-ठाण्यातल्या भातशेतकऱ्याच्या तोंडी इतके रुळले आहे की त्यामागे कर्जतचे एक संशोधन केंद्र उभे आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हे केंद्र 1919 सालचे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत-184, कर्जत-3, पुढे ‘सह्याद्री’ ही संकरित जात, असे एकामागून एक वाण तिथून निघाले. 1994 मध्ये आलेला कर्जत-3 हा हळवा वाण. चार महिन्यांच्या आत भात घरात येतो आणि खाचरात ओल आहे तोवर वाल पेरता येतो. कर्जत-खालापुरात ज्यांच्याकडे एक-दीड एकरच जमीन आहे, त्यांच्या संसारात या दुसऱ्या पिकाने पडणारा फरक मोठा असतो. हे ज्या कामातून हाती येते, त्या कामाचा मोठा भार मात्र आपण दोन-तीन वर्षांच्या बोलीवर घेतलेल्या शोधछात्रांवर टाकून मोकळे झालो आहोत. त्यांचे विद्यावेतन आणि पुढची वाट हा विषय विद्यार्थी-कल्याणाच्या खात्यात ढकलला जातो, ही मूळ चूक आहे. हाती घेतलेले संशोधन तडीस जाणार की अर्धवट सुटणार, हे त्यावरच ठरते.

भाताचा नवा वाण कसा तयार होतो ते जवळून पाहावे. भाताचे फूल उन्हे वर आल्यावर, साधारण दहाच्या पुढे उमलते आणि तास-दोन तासांत मिटते. ते उमलण्याआधी लोंबीतल्या एकेका फुलाचे टोक कात्रीने छाटायचे, आतले सहाही परागकोश चिमट्याने अलगद काढायचे, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या वाणाचे पराग ऐन वेळी आणून त्यावर झटकायचे. एवढ्या खटाटोपानंतर हाती थोडेसे दाणे लागतात. तिथून खरे काम सुरू होते. दुसऱ्या पिढीत हजारो रोपे, प्रत्येक वेगळे. उंची किती, फुटवे किती, लोंबी भरते की पोचट राहते, करपा येतो का, खोडकिडीला बळी पडते का, वाऱ्यात लोळते का, हे ओळीओळीने टिपायचे, निवडायचे, पुन्हा पेरायचे. गुण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या जातात. मग केंद्रावरच्या चाचण्या, मग 1965 पासून चालत आलेल्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पातून देशभरच्या चाचण्या. सगळे धरून आठ-दहा वर्षे सहज लागतात. हजार रोपांतून नेमके ठेवायचे कोणते, ही नजर पुस्तकातून येत नाही. दोन-तीन हंगाम चिखलात उभे राहिल्यावर ती बसू लागते. आणि नेमक्या त्याच सुमारास प्रकल्पाची मुदत संपते. नोंदवही मागे राहते, पण एखादी ओळ का राखली आणि शेजारची का टाकली, याची जाण नोंद करणाऱ्याबरोबर निघून जाते.

आता पैशाचे पाहू. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जून 2023 मध्ये दर वाढवले, तेव्हा कनिष्ठ शोधछात्राला दरमहा 37,000 आणि वरिष्ठाला 42,000 रुपये झाले. त्याआधी कनिष्ठाचा दर 2019 मध्ये 31,000, 2014 मध्ये 25,000 आणि 2010 मध्ये 16,000 होता. आकडे चढते दिसतात. पण सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. शोधछात्राला तो नाहीच. पुढची वाढ होईपर्यंत चार-चार, पाच-पाच वर्षे त्याने त्याच रकमेत भागवायचे, आणि 2019 सारखी वाढ पदरात पाडून घ्यायला रस्त्यावर यायचे. त्यात घरभाडे भत्ता शहराच्या वर्गवारीने मिळतो. सध्याच्या केंद्रीय दरांनी मुंबईत 30 टक्के, कर्जत-खोपोलीसारख्या ठिकाणी 10 टक्के. म्हणजे तेच 37,000 घेणाऱ्याला मुंबईच्या प्रयोगशाळेत 11,100 रुपये भत्ता आणि कर्जतच्या खाचरात 3,700. फार्महाउस आणि सेकंड होमच्या लाटेने कर्जतमध्ये राहणे किती महाग केले आहे, हे स्थानिकांना सांगायला नको. शिवाय हे दर राष्ट्रीय पात्रता परीक्षा पार केलेल्यांचे. तात्पुरत्या प्रकल्पांवर राबणाऱ्या अनेकांना एवढेही मिळत नाही, आणि जे मिळते ते महिन्याच्या महिन्याला हातात पडेल याचीही शाश्वती नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे विद्यावेतन आहे, पगार नव्हे, छात्र शिकतो आहे, त्याला पदवी मिळणार आहे. यात तथ्य आहे. मार्गदर्शकाचा वेळ, प्रयोगशाळा, प्रक्षेत्र हे सगळे त्याला मिळते. पण त्याच काळात तो केंद्राचे नित्याचे कामही करतो. चाचण्यांची पेरणी, निरीक्षणे, आकडेवारी, शेतकरी मेळाव्याची तयारी, यातले किती त्याच्या प्रबंधासाठी आणि किती संस्थेसाठी, हे वेगळे काढताच येत नाही. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणाऱ्याला बहुधा विद्यापीठाचा कर्मचारी म्हणून चार वर्षांचा करार, पगार आणि रजा मिळते. तो शिकत असतो आणि काम करत असतो, दोन्ही एकाच वेळी. त्यांनी ते मान्य केले आहे, आपण करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि राज्यभर संताप उसळला. त्याच वर्षी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपची संख्या प्रत्येकी 200 वर बांधली गेली होती. पीएचड्या भाराभर होतात, त्यातल्या काही सुमार असतात, काही जण फेलोशिपवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, हे खरेच आहे. मग निवड कडक करा, दरवर्षी कामाची तपासणी करा. पण पीएचडीनंतर हा काय करणार, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सरकारच्याच हातात आहे. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत मंजूर पदे मोठ्या संख्येने रिकामी आहेत. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन 57,700 पासून सुरू होते. त्या पायरीवर चढायला जागाच निघत नसेल, तर हुशार माणूस स्पर्धा परीक्षेकडे किंवा बियाणे कंपनीकडे वळणारच. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

कुणी म्हणेल, मग कंपन्यांनाच वाण काढू द्या. कंपन्या संकरित बियाण्यात उतरतात, कारण ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. शेतकरी घरचे बी राखून पेरतो त्या सुधारित वाणात नफा थोडा, म्हणून ते काम सार्वजनिक केंद्रांवरच पडते. आणि गोष्ट भातापुरतीही नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितले. संशोधकांनी ती दरड अडवली असती, असे म्हणणे खोटेपणा होईल. पण कोणता उतार किती पावसानंतर सुटतो, हे कळायला त्याच डोंगरावर अनेक पावसाळे मोजमाप करावे लागते. तीन वर्षांच्या प्रकल्पात एखादे वेळी अतिवृष्टीचे साल येणारही नाही, आणि आले तर ते वाचू शकणारा माणूस तोवर दुसरीकडे गेलेला असेल.

राहिला पैसा. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे 0.64 टक्के खर्च करतो. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी 2023 ते 2028 या काळात 50,000 कोटींचा आकडा जाहीर झाला, पण त्यातले सुमारे 36,000 कोटी खासगी क्षेत्राकडून येणे अपेक्षित आहे. याउलट इथे लागणारी रक्कम किरकोळ आहे. एखाद्या केंद्रावर 10 जणांना 42,000 ऐवजी 60,000 द्यायचे म्हटले, तर वर्षाला 21 लाख 60 हजार रुपये जादा लागतात. तेवढ्यात फेलोशिप आणि कायम पद यांच्या मधली, आज नसलेली पायरी उभी राहते: पीएचडीनंतर सहा-सात वर्षांची, प्रकल्पाला न जोडता पैदास कार्यक्रमाला जोडलेली, महागाई भत्ता असलेली, खुल्या निवडीने भरलेली जागा. विद्यावेतनही महागाई निर्देशांकाला बांधावे, आणि कर्जतसारख्या केंद्रावर काम करणाऱ्याला तुटपुंज्या भत्त्याऐवजी राहायला खोली द्यावी. चार कृषी विद्यापीठांची समन्वयक असलेली महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद हा प्रस्ताव राज्य सरकारपुढे ठेवू शकते, आणि रिक्त पदांच्या भरतीचे वर्षनिहाय वेळापत्रकही त्याबरोबरच मागू शकते.