गोलपिठा हे नेमकं कुणाचं 'अधोविश्व'?

1972 साली 'गोलपिठा' आला तेव्हा नामदेव ढसाळ 23 वर्षांचे होते. पहिलाच संग्रह. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, म्हणून पुस्तक आणि संघटना यांची नावं एका दमात घ्यायची सवय पडली. तेव्हापासून या संग्रहावर दोन शिक्के आहेत. एक 'विद्रोही', दुसरा 'अधोविश्वाची कविता'. पहिल्याबद्दल आमची तक्रार नाही. दुसरा मात्र आम्हाला अमान्य आहे, आणि आंबेडकरी तरुणांनी तो उचलून वापरावा हे तर अजिबात मान्य नाही.

चर्चगेटहून लोकलमध्ये बसा. तिसरं स्टेशन ग्रँट रोड. तिथून चालत कामाठीपुरा. ही वस्ती शहराच्या खाली कुठे आहे? ती तर शहराच्या पोटात आहे. मग 'अधो' कुणाच्या? जो स्वतःला वर समजतो त्याच्या! विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत मान्य केलं आहे की कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना ठाऊक नव्हते. पांढरपेशा जगाची हद्द संपते तिथून हे जग सुरू होतं, अशा आशयाचंही त्यांनी लिहिलं. त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. न कळलेलं न कळलं म्हणणारे मराठीत आहेत तरी किती? पण हद्द पांढरपेशांची आणि तिच्यावरून नाव पडलं आमच्या वस्तीला, हे कसं चालेल? पुढे 2007 मध्ये दिलीप चित्र्यांचे इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने आले, त्याच्याही नावात 'पोएट ऑफ द अंडरवर्ल्ड'. चित्रे तर ढसाळांचे मित्र. मित्राच्या हातूनही तोच शिक्का बसला.

आमचं म्हणणं आहे की 'गोलपिठा' स्थलांतरिताचा पहिला संग्रह म्हणून वाचा. खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचं एका महार घरातलं पोर लहानपणी मुंबईत येतं. वडील खाटकाकडे कामाला. मोठेपणी पोरगा टॅक्सी चालवतो. यावर 'पोटासाठी मुंबई गाठली' असं एक वाक्य टाकून लिहिणारे पुढे सरकतात. पोट काय सगळ्यांनाच असतं. महाराचं पोट गावात का भरत नव्हतं, हे विचारायला काय हरकत आहे? गावाची वेठ करायची, निरोप पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची आणि बदल्यात वतनाचा तुकडा. बाबासाहेबांनी या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक 1928 मध्ये मांडलं. गावकामगारांची ही हलकी समजली गेलेली वतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडलं. गाव सोडणं हा आमच्या लोकांसाठी नुसता पोटाचा हिशेब नव्हता. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेब खेड्यांबद्दल काय बोलले ते वाचा म्हणजे कळेल.

मग मुंबईत जात सुटली का? गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उभा केला आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. जात गावाहून निघाली आणि मजुराच्या आधी खात्यात येऊन बसली. 'गोलपिठा' त्या जातीसकटच्या शहराचा संग्रह आहे.

भाषेचंही तेच. परीक्षेत 'शिवराळ भाषा' हा मुद्दा लिहिला की गुण मिळतात. अहो, कामाठीपुरा हे नावच मुळात तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलंय. त्या गल्ल्यांत उत्तरेतले मजूर आले, नेपाळच्या बाया आणल्या गेल्या, देवदासी म्हणून सोडलेल्या सीमाभागातल्या दलित मुली आल्या. एवढ्या मुलखांची माणसं एका नळावर भांडणार, उधारी मागणार, मयतीला जमणार, तेव्हा जी बोली तयार होते ती सदाशिव पेठेच्या शब्दकोशात सापडायची नाहीच. ती श्रमाची भाषा आहे. शिव्या तिच्यात आहेत, तशा त्या गिरणीत आणि पोलीस चौकीतही आहेत.

हे आज का सांगतोय? 8 मे 2020 ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. पुढे त्या भाकरींच्या फोटोवर ढीगभर कविता झाल्या. 'मजूर', 'स्थलांतरित', 'श्रमिक' हे सगळे शब्द त्यांत होते. त्यांच्यातले बरेचसे आदिवासी होते, हे किती कवितांत आलं? 'स्थलांतरित' हा शब्द असाच गुळगुळीत करून वापरला की जात आपोआप पुसली जाते आणि वाचणाऱ्याला नुसती दया करायची सोय होते.

आज आमच्या वस्त्यांतली, हॉस्टेलांतली पोरं लिहितायत. कुणी डिलिव्हरीच्या गाडीवर, कुणी स्पर्धा परीक्षेच्या खोलीत. मराठवाड्यातून, विदर्भातून पुण्याला आलेली. पहिला संग्रह काढायचा म्हटलं की त्यांना दोन सल्ले मिळतात. एखाद्या मोठ्या नावाची प्रस्तावना घ्या आणि भाषा जरा सौम्य करा. तुमच्या वहीतली भाषा सौम्य करून कुणाची झोप नीट होणार आहे, एवढं त्यांना विचारा. प्रस्तावना हवीच असेल तर तुमच्याच नाक्यावरच्या, तुमच्याच अभ्यासिकेतल्या माणसाकडून लिहून घ्या.

आणि येत्या 15 जानेवारीला, ढसाळांच्या स्मृतिदिनी, फोटोला हार घालण्याआधी अभ्यासवर्गात 'गोलपिठा' उघडा. प्रस्तावनेची पानं उलटून थेट पहिल्या कवितेवर या. मोठ्याने वाचा. शब्द अडला तर वस्तीतल्या जुन्या गिरणी कामगाराला बोलावून घ्या, आणि त्याचं गाव कुठलं, ते का सोडलं, हेही त्याच बैठकीत विचारा.