विश्लेषण : दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची खरी कोंडी खाणीत की कारखान्यात?

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि चुंबकांअभावी जगभरातील वाहन उद्योग अडचणीत आला. पुण्यातील बजाज ऑटोच्या ‘चेतक’ या इलेक्ट्रिक स्कूटरच्या उत्पादनालाही त्याची झळ बसली. भारताकडे या मूलद्रव्यांचे सुमारे ६९ लाख टन साठे असूनही ही वेळ का आली?

वेगळे करणे इतके कठीण का?

ही मूलद्रव्ये खनिजात एकत्रच आढळतात आणि त्यांचे रासायनिक गुणधर्म जवळपास सारखे असतात. लॅन्थेनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनांचा आकार किंचित कमी होत जातो. विलगीकरणाची सारी भिस्त याच फरकावर असते.

आयन-विनिमय पद्धत काय आहे?

रेझिनचे बारीक मणी भरलेल्या उभ्या नळीत मिश्रण सोडले जाते आणि आयन मण्यांना चिकटतात. मग सायट्रेटसारखे द्रावण वाहवले जाते. लहान आयन या द्रावणाशी अधिक घट्ट बांधले जात असल्याने ते आधी बाहेर पडतात, मोठे मागे राहतात. १९४०च्या दशकात अमेरिकेत आयोवा येथे फ्रँक स्पेडिंग यांच्या गटाने ही पद्धत विकसित केली.

मग ती मागे का पडली?

शुद्धता उत्तम, पण वेग कमी आणि द्रावण फार विरळ. त्यामुळे मोठ्या उत्पादनासाठी द्रावक निष्कर्षण पद्धत रूढ झाली. तिच्यात शेकडो टप्पे असतात आणि आम्ले व सेंद्रिय द्रावके भरपूर लागतात. चीनने तीच आत्मसात केली. आज जगातील सुमारे ९० टक्के शुद्धीकरण तिथे होते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने मात्र स्तंभ पद्धतीला सुधारित रूप देऊन कमी प्रदूषणाचा पर्याय पुढे आणला आहे.

भारतापुढे आव्हान काय?

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मात्र ती सुरू होते ऑक्साइडपासून, म्हणजे विलगीकरणानंतर. या चुंबकांत वजनाने सुमारे ३० टक्के दुर्मीळ मृदा धातू असतात. म्हणजे वर्षाला साधारण १,८०० टन धातू लागेल. सार्वजनिक क्षेत्रातील आयआरईएल केरळमधील आलुवा येथे विलगीकरण करते. पण आपल्या किनाऱ्यावरील मोनाझाइटमध्ये हलकी मूलद्रव्येच जास्त. उष्णता सोसणाऱ्या चुंबकांना लागणारे डिस्प्रोशियम त्यात अत्यल्प. त्यामुळे चुंबकांचे कारखाने उभे राहिले, तरी विलगीकरणाची क्षमता न वाढल्यास परावलंबन संपणार नाही. आज चुंबके आयात होतात, उद्या ऑक्साइड आयात करावे लागेल.