कोंबडीला उपास कळत नाही



गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांनी पन्नास कोंबड्या पाळल्या आहेत. श्रावण लागला की गावात अंड्याला गिऱ्हाईक उरत नाही, मग रोजची अंडी ठेवायची कुठे, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न साधा आणि उत्तरही साधे. पण हाच प्रश्न मला एकदा आफ्रिकेत, इथिओपिया देशात पडला होता, आणि तिथे मला जे उत्तर मिळाले ते नुसते अंड्यांचे नव्हते. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

गोष्ट २०१९ सालची. कृषी महाविद्यालयातला माझा एक वर्गमित्र इथिओपियात प्राध्यापक होता. आपले कितीतरी शिक्षक आणि प्राध्यापक त्या देशात वर्षानुवर्षे शिकवीत आले आहेत. त्याने कळवले, "इथे जवळच एक बालगृह आहे. बावीस मुले आहेत. अर्धा एकर जागा आहे, कोणी दात्याने पन्नास कोंबड्या दिल्या आहेत, पण त्यातले जाणणारे कोणी नाही. महिना-दीड महिना येऊन जा." खात्याची परवानगी काढली, अर्जित रजा टाकली, आणि मार्चअखेर मी जाऊन पोचलो. पगार नाही, मानधन नाही. राहायला खोली आणि मुलांच्या पंगतीत जेवण.

गावाचे नाव बिशोफ्तू. जुने नाव देब्रे झेत. राजधानी अदिस अबाबापासून आग्नेयेला पन्नासेक किलोमीटर. उंची आपल्या महाबळेश्वरापेक्षाही जास्त, म्हणून हवा गार. विझलेल्या ज्वालामुखींच्या तोंडांत पाणी साठून झालेली तळी गावाभोवती आहेत. आणि जमीन म्हणाल तर काळी कसदार, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पायाला चिकटणारी. ती पाहिली आणि मला परके वाटेनासे झाले.

जेवणही तसेच ओळखीचे. टेफ नावाचे त्यांचे धान्य आहे. दाणा इतका बारीक, की गव्हाच्या एका दाण्याच्या वजनात टेफचे शंभरावर दाणे बसावेत. त्याचे पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात आणि मोठ्या तव्यावर आंबोळीसारखी जाळीदार इंजेरा करतात. तिच्यावर शिरो वाढतात. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या किंवा बाकल्याच्या पिठाचे तिखट पिठलेच म्हणा ना. आपल्या डोंगरउतारावर आपण जो कारळा पेरतो, तो मूळचा त्याच देशातला. तिथे त्याचे तेल खातात.

मी गेलो तेव्हा त्यांचा मोठा उपास चालू होता. इथिओपियातले बहुसंख्य ख्रिस्ती लोक त्यांच्या प्राचीन ऑर्थोडॉक्स पंथाचे. ईस्टरला ते फासिका म्हणतात. त्याआधी पंचावन्न दिवस मांस, दूध, लोणी, अंडी, सगळे वर्ज्य. त्यांच्या सणाचा हिशेब जुन्या पंचांगाने होतो. म्हणून त्या वर्षी आपल्या वसईत आणि नगर जिल्ह्यातल्या गावांत ईस्टर २१ एप्रिलला झाला, तर त्यांचा २८ एप्रिलला. सात वर्षांखालच्या मुलांना उपासाची सक्ती नाही, पण थोरली मुले हौसेने करतात. आपली पोरे एकादशीला हट्ट धरतात तसेच.

पण मंडळी, माणसाने उपास धरला तरी कोंबडीला उपास कळत नाही. ती अंडी देतच राहते. रोज तीस अंडी निघायची. लहानग्यांना चार-पाच लागत. बाकीची घ्यायला दुकानदार तयार नव्हता. युरोपात ईस्टर आणि अंडे यांची जोडी जमली तिच्यामागे हेही एक कारण सांगतात: उपासभर साठलेली अंडी सणाला एकदम बाहेर येत.

मी हिशेब मांडला. सणाआधीच्या बारा दिवसांची अंडी राखायची आणि सणाच्या तोंडावर विकायची. फासिकाला प्रत्येक घरी 'डोरो वोत' म्हणजे कोंबडीचा झणझणीत रस्सा होतो, आणि त्यात उकडलेली अख्खी अंडी सोडतात. तेव्हा अंड्याला मागणी येणारच. आमच्या पत्रलेखक भगिनीने इथेच लक्ष द्यावे. अंडी धुवायची नाहीत. धुतली की कवचावरचा संरक्षक थर जातो. मळकी अंडी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावीत, तडा गेलेली त्याच दिवशी खाऊन टाकावीत. मातीचा माठ ओल्या वाळूत बसवावा, आत कोरडे गवत घालावे आणि निमुळती बाजू खाली करून अंडी ठेवावीत. वाळू रोज भिजवावी. अशा गारव्यात दहा-बारा दिवस अंडी चांगली राहतात. आपल्याकडे हवा उष्ण, म्हणून आठवड्यातच संपवावीत. शंका आली तर पाण्यात सोडून पाहा. ताजे अंडे आडवे पडते, शिळे उभे राहते, तरंगले तर फेकून द्या.

अंडी गोळा करायला एक आठ वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर असे. लेकराचे नाव छापत नाही. तो मला 'गाशे' म्हणायचा. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे असे म्हणतात. 'अंद, हुलेत, सोस्त' असे एक, दोन, तीन मला त्यानेच शिकवले. खुडूक कोंबडी ओळखायला मी त्याला शिकवले. पाच-सहा दिवसांत तो माझ्या सावलीसारखा झाला. मलाही बरे वाटले. वाटले, या पोरक्या पोराला आपण निदान थोडी माया तरी दिली.

सणाच्या आदल्या रविवारी मुलांनी ताडाच्या पातींची कडी विणून डोक्याला बांधली. शुक्रवारी लोक देवळात दिवसभर साष्टांग नमस्कार घालीत होते. त्याच दिवशी तीनशे अंडी बाजारात गेली आणि भाव चांगला आला. मी बालगृहाच्या मुख्य बाईंना म्हणालो, "या पैशातून कोंबड्यांना खाद्याची चांगली भांडी घेऊ." त्या हसल्या. म्हणाल्या, "भांडी पुढच्या महिन्यात. हे पैसे एस्टीभाड्याचे." एस्टी हा शब्द अर्थात माझा, त्यांनी बस म्हटले.

मला उलगडा होईना. शनिवारी सकाळी झाला. फाटकातून एकेक माणूस येऊ लागले. कोणाची आजी, कोणाचा मामा, कोणाची तर सख्खी आई. सणासाठी लेकरू घरी न्यायला आलेली. बाईंनी प्रत्येकाला गाडीभाडे दिले आणि प्रत्येक मुलाच्या हातात सहा-सहा अंडी बांधून दिली. मी न राहवून विचारले, "यांना आई आहे? मग ही इथे कशी?"

बाई म्हणाल्या, "गरिबी, दुसरे काय? बाप गेला, आई शहरात धुणीभांडी करते, आजीला दिसत नाही. खरी अनाथ इथे दोन-तीनच आहेत. सणाला मूल रिकाम्या हाताने घरी गेले तर त्याचे ओझे वाटते. सहा अंडी घेऊन गेले तर तो पाहुणा होतो. मुलाची आणि घराची गाठ तुटू द्यायची नाही, एवढेच माझे काम."

पुढे मी माहिती घेतली. जगभरच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप, कोणीतरी हयात असते. इथिओपियाने २०१८ साली परदेशी लोकांना मुले दत्तक देणेच बंद केले. २०१९ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही ठरावात म्हटले, की मूल शक्यतो कुटुंबातच वाढावे. त्या बाईंनी यातले काही वाचले असेल-नसेल. त्यांना ते दिसत होते.

संध्याकाळपर्यंत पंधरा मुले गेली. सात राहिली. माझा कोंबडीवाला त्यांत होता. त्याची आई येणार होती, आली नव्हती. अंधार पडेपर्यंत तो फाटकाशी बसून राहिला. मी जवळ जाऊन बसलो, पाठीवर हात ठेवला. त्याने हात झटकला नाही, पण माझ्याकडे पाहिलेही नाही.

रात्री सगळे पांढरी वस्त्रे पांघरून देवळात गेलो. मेणबत्त्या, ढोल, रात्रभर भजन. पहाटे तीनच्या सुमारास परतलो आणि उपास सुटला. घरात ओले हिरवे गवत अंथरले होते. कांदा तासन्‌तास परतून केलेला लालभडक रस्सा, इंजेरा, मोठी गोल पावरोटी. एकमेकांना 'मेल्काम फासिका' म्हणायचे. मग कॉफीचे दाणे तिथेच भाजून, कुटून, तीन वेळा कॉफी. पोरे पंचावन्न दिवसांची भूक काढीत होती. त्याने मात्र आपल्या वाट्याचे अंडे रश्शातून उचलले, पुसले आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवले.

दुपारी तीनच्या सुमारास ती आली. मालकांच्या घरचे सणाचे जेवण उरकल्याशिवाय तिला सुट्टी नव्हती. धुळीने माखलेली, घाईघाईने चालत आलेली. पोराने धावत जाऊन आधी ते अंडे तिच्या हातात दिले. ती तिथेच, फाटकातच, खाली बसली आणि अर्धे त्याला भरवून अर्धे तिने खाल्ले. मी दूर उभा होतो. महिनाभर मी माया दिली, माया दिली म्हणत होतो. ती किती पुरणारी होती ते मला त्या क्षणी कळले.

आता माझी चूक सांगतो. मे महिन्यात निघताना त्या मुलाने विचारले, "पुढच्या फासिकाला येणार?" मी म्हणालो, "येणार. कोंबड्या किती झाल्या ते मोजायला येणार." बाईंनी मला बाजूला घेऊन चांगलेच सुनावले. "इथे येणारा प्रत्येक पाहुणा हेच म्हणतो. मुलांना तारीख देत जाऊ नका. तुम्ही विसरता. ती दिवस मोजतात."

मी विसरणार नव्हतो. पण २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे विमाने बंद झाली. त्या वर्षी फासिका १९ एप्रिलला होता. मी फोन केला. बाई म्हणाल्या, शाळा बंद झाल्या तशी ज्यांचे कोणी होते ती मुले घरी पाठवली. तोही आईकडे गेला, तीन कोंबड्या घेऊन. जाण्याआधी मात्र त्याने विचारले होते, गाशे कोणत्या दिवशी येणार म्हणून. ते वाक्य अजून मला टोचते.

मंडळी, परदेशी जाऊन सेवा करावी की नाही, हा तुमचा-माझा रोजचा प्रश्न नव्हे. पण आपल्या गावातही बाप गेलेली, आई ऊसतोडीला किंवा शहरात कामाला असलेली, वसतिगृहात किंवा बालगृहात ठेवलेली मुले आहेत. त्यांच्यासाठी संस्थेला धान्य, कपडे जरूर द्या. पण त्याआधी एक करा. आपल्या भावकीतले, नात्यातले असे मूल असेल, तर दिवाळीला, पोळ्याला त्याला घरी आणा, आणि परत जाताना त्याच्या हातात काहीतरी द्या. येतो म्हटले तर जा. जमणार नसेल तर म्हणू नका. मूल घरीच वाढावे म्हणून आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. अशा मुलासाठी दरमहा मदत मिळते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. मूल संकटात दिसले तर १०९८ हा फोन आहेच.

आणि हो, भगिनी, माठ आतापासूनच बघून ठेवा. श्रावण काही सांगून थांबत नाही.

पुढच्या अंकी कोंबड्यांच्या उन्हाळी पाण्याविषयी.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)